पाणंद, बंधारा, कालवा

जुलै उजाडला की आमच्या कोल्हापूरकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक यादी येते. पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. दूधगंगेवरचे बाचणी, सिद्धनेर्ली, सुळकूड, दत्तवाड. वेदगंगेवरचे कुरणी, बस्तवडे, चिखली. हे पाण्याखाली गेलेले बंधारे. सोबत राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. घरोघरी ही यादी पुराच्या धास्तीनं वाचतात. मीही तशीच वाचतो, पण माझं एक जादा गणित असतं. यातले आपले रस्ते कुठले गेले? डांबर टाळून सायकल चालवणाऱ्याला या खोऱ्यात नदी ओलांडायची ती बहुतेक वेळा बंधाऱ्यावरूनच.

मी हुपरीचा, पैंजण करणाऱ्या घरातला. दिवसभर मान खाली घालून बसायचं आणि बारीक कड्या जुळवायच्या, हा आमचा धंदा. पाठ आखडायला लागली तेव्हा सायकल घेतली. आधी डांबरी रस्त्यावर फिरायचो. पण आमचा परिसर म्हणजे एकीकडे पंचतारांकित औद्योगिक वसाहत, दुसरीकडे साखर कारखाना. ट्रक आणि उसाच्या जोडट्रॉल्या यांच्यामध्ये जीव मुठीत धरून पॅडल मारण्यात काय मजा? मग गावाबाहेर पडताच पाणंदीला, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेला, वळू लागलो.

जगात याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरून २०० मैलांची शर्यत सुरू झाली आणि हा प्रकार नावारूपाला आला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. यासाठीची सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी, हँडल तसंच खाली वळलेलं. पण टायर जाड. डांबरावरचा टायर २५ ते २८ मिलिमीटरचा असतो, हिचा ४० च्या आसपास. त्यात हवा निम्म्याहून कमी ठेवायची. कमी हवेचा टायर खड्यावरून उड्या न मारता त्याला पोटात घेतो, त्यामुळे पकडही राहते आणि मनगटंही शाबूत राहतात. चढासाठी हलके गिअर, उतारासाठी डिस्क ब्रेक. कॅन्ससच्या टेकड्यांत गारगोटीचे धारदार तुकडे टायर कापतात, आमच्याकडे ते काम बाभळीचा काटा करतो. म्हणून ट्यूब काढून आत भोक बुजवणारा चिकट द्रव भरलेला बरा. लाखाची सायकल हवीच असं नाही. जाड टायर बसणारी साधी हायब्रिड सायकलही या वाटांना पुरते. मात्र निघण्यापूर्वी चाक फिरवून ऐकावं. पैंजणातलं सुटं घुंगरू कानानं ओळखायची आम्हाला सवय, सैल झालेला स्पोकही तसाच कळतो.

आता वाटांविषयी. हुपरी पंचगंगा आणि दूधगंगा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. दोन्ही नद्यांचं पाणी शेवटी कृष्णेला मिळतं. इथून पश्चिमेला निघालात की पाऊस वाढत जातो आणि त्याबरोबर चाकाखालची जमीन बदलते. शिरोळच्या बाजूला वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, तर गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. खाली नदीकाठाला काळी माती. सुकली की फरशीसारखी टणक, ओली झाली की चाक आणि चिमटा यांच्यामध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मधल्या टप्प्यात बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम. सायकलला याच्यासारखी जमीन नाही. दाबून बसतो, पाणी निचरू देतो, पावसानंतर दोन दिवसांत चालतो. वर सह्याद्रीच्या माथ्याला तांबडा जांभा. खडबडीत, कडक आणि पावसाळ्यात शेवाळलेला.

सुरुवात करायची तर दूधगंगेच्या खोऱ्यातून. हुपरीहून पाणंदीनं सुळकूडच्या बाजूला उतरायचं, बंधारा ओलांडायचा आणि कागल तालुक्यातून पुढे जायचं. पुढे काळम्मावाडी धरणाचे कालवे भेटतात. कालव्याच्या कडेनं पाटकरी आणि खात्याची जीप जाईल एवढी मुरमाची वाट असते. पाणी आपल्या वजनानं वाहायचं, म्हणून कालवा डोंगराला वळसे घेत अगदी सौम्य उतारानं नेलेला असतो. साहजिकच त्याच्या कडेच्या वाटेला चढ जवळपास नसतो. नवख्यानं इथंच शिकावं. पाय तयार झाले की सिद्धनेर्ली, बाचणी, बिद्री करत खोऱ्यात वर सरकावं.

वेदगंगेचं खोरं जास्त देखणं आणि जास्त दमवणारं. मुरगूड, गारगोटी, कडगाव आणि शेवटी पाटगाव. मौनी महाराजांचा मठ, मौनीसागर जलाशय आणि अलीकडे 'मधाचं गाव' म्हणून झालेली ओळख, हे सगळं त्या एका गावात. तिथून रांगणा किल्ल्याकडे जाणारी वाट दगडगोट्यांची आहे, ग्रॅव्हलच्या सायकलला ती झेपत नाही. पाटगावात थांबून मध घ्यावा आणि परत फिरावं. पन्हाळ्याच्या पश्चिमेचं मसाई पठार हे वेगळं प्रकरण. सपाट जांभा पाहिला की सायकल मोकाट सोडाविशी वाटते. पण पावसाळ्यात त्या दगडावरच्या बोटभर मातीत जी इवली फुलं येतात, त्यांच्यावरून टायर नेऊ नये. मळलेली गाडीवाट सोडायची नाही. राधानगरी अभयारण्य तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं गव्यांचा मान पहिला आणि वनखात्याची परवानगी आधी.

पण कुठं जायचं यापेक्षा कधी जायचं हे आमच्याकडे जास्त महत्त्वाचं, आणि ते बंधारा ठरवतो. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावानं तो राज्यभर ओळखला जातो. नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, वर चालायला अरुंद पट्टी. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात म्हणजे पूर मोकळा वाहतो. पावसाळा सरला की ते पुन्हा बसवून पाणी अडवतात. पुरानं ओसरताना पट्टीवर गाळ, लव्हाळं आणि ओंडके टाकलेले असतात, कठडा असलाच तर वाकलेला. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा बंधारे कुठं आहेत तेही दिसत नव्हतं. पट्टीवरून वीतभर पाणी वाहत असताना मी सायकल उचलून जायच्या विचारात होतो, तेव्हा काठावर म्हशी धूत असलेले आजोबा म्हणाले, "पाव्हणं, पाणी वीतभर दिसतंय, पर वढ बगा की. म्हस न्हाई घालत आमी त्यात." तो नियम मी कायमचा घेतला आहे: म्हैस जात नाही तिथं सायकल जात नाही.

दिवाळीनंतर वाटा सुकतात, पण तेव्हाच कारखान्यांची धुराडी पेटतात. गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि वाटेवर उसाचा पाला पसरतो. भरलेली ट्रॉली समोरून आली तर आपण बांधावर चढायचं. मेंढरांचा कळप आला तर उतरून उभं राहायचं. पाणंद शेतकऱ्याची आहे, आपण पाहुणे. खडीकरण होऊन त्याचा ऊस वेळेत बाहेर पडणार असेल, तर माझी मुरमाची मजा गेल्याचं दुःख करायचं कारण नाही.

आणि वाटा संपत नाहीत. कुठल्याही गावचा गावनकाशा काढून पाहा. त्यात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फूट. आपल्या पलीकडच्या गावाला जोडणारी एखादी दुहेरी रेघ निवडा, रस्ता अजून चालू आहे का हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा, आणि टायरातली हवा थोडी कमी करून रविवारी सकाळी निघा.