सिनेटमधील शिरस्तेदार

अमेरिकेचे राज्य कसे चालते हे प्राथमिक शाळेतील मुलांना कळेल अशा बेताने लिहून द्यावे, असा एका संपादकांचा आग्रह होता. आणि एवढेच काम असते तर ते एका बैठकीत उरकले असते. 1787 साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेने सत्तेचे तीन वाटे केले: कायदा करावा काँग्रेसने, त्याचा अंमल करावा अध्यक्षाने आणि तंटा पडल्यास निवाडा द्यावा न्यायालयाने. काँग्रेसची गृहे दोन. पैकी 435 सभासदांच्या प्रतिनिधिगृहात लोकसंख्येच्या प्रमाणात, दर दोन वर्षांनी, माणसे निवडून येतात (बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 साली याच गृहावर निवडून आले). आणि शंभर सभासदांच्या सिनेटमध्ये चार कोटींच्या घरात वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियालाही दोन जागा, आणि सहा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या वायोमिंगलाही दोनच. मसुदा दोन्ही गृहांनी संमत करावा, अध्यक्षाने त्यावर सही करावी. सही नाकारल्यास दोन्ही गृहांनी दोन-तृतीयांश मतांनी, त्या नकारास न जुमानता, तो कायदा करावा. येथे मुलांचा धडा संपतो. माझे कुतूहल मात्र धड्यात ज्याचे नावही येत नाही अशा एका नोकरापाशी अडकून पडले.

सिनेटच्या सभागृहात उंच पीठावर अध्यक्षस्थान असते. घटनेप्रमाणे ते उपराष्ट्राध्यक्षाचे. परंतु समसमान मते पडण्याचा प्रसंग नसला म्हणजे ते सहसा तिकडे फिरकत नाहीत, आणि बहुमतातील पक्षाचे नवखे सभासद पाळीपाळीने तेथे बसवले जातात. पीठाच्या पायथ्याशी कारकुनांची रांग असते, आणि त्या रांगेत पार्लमेंटेरियन या हुद्द्याचा अधिकारी. एखाद्या सभासदाने नियमाचा मुद्दा उपस्थित केला, की हा अधिकारी मागे वळून वर पाहतो आणि हलक्या आवाजात दोन वाक्ये सांगतो. तीच वाक्ये, क्षणभराने, पीठावरून निर्णय म्हणून मोठ्याने उच्चारली जातात. जुन्या कचेरीत नव्या साहेबाला शिरस्तेदाराने कलम दाखवावे आणि हुकूम मात्र साहेबाच्या नावाने सुटावा, तसाच हा प्रकार आहे.

हे पद घटनेत नाही. 1904 साली सिनेटच्या नोकरीत शिरलेले आर्कान्सासचे चार्ल्स वॉटकिन्स नावाचे गृहस्थ पूर्वीच्या निर्णयांची टिपणे नेमाने ठेवीत गेले, आणि कोणत्याही अडचणीला जुना दाखला काढून देण्यात त्यांच्याइतका तरबेज दुसरा कोणी उरला नाही, तेव्हा 1935 साली त्यांच्यासाठी हा हुद्दा निर्माण झाला. 1964 अखेर, वयाची पंचाऐंशी उलटल्यावर, ते निवृत्त झाले. त्यांच्यामागून आलेल्या फ्लॉइड रिडिक यांच्या नावाने ओळखला जाणारा दाखल्यांचा ग्रंथ दीड हजारांहून अधिक पानांचा आहे. सिनेटचे लिखित नियम त्या मानाने थोडे. खरे राज्य शिरस्त्याचे. 2012 पासून या जागेवर एलिझाबेथ मॅकडॉनो आहेत, आणि या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. 6 जानेवारी 2021 रोजी जमावाने संसदभवन फोडले, तेव्हा अध्यक्षीय निवडणुकीची प्रमाणित मते ठेवलेल्या लाकडी पेट्या सुरक्षित स्थळी हलवण्याचे भान याच दफ्तरातील माणसांना राहिले. त्यांच्या स्वतःच्या खोल्यांची मात्र नासधूस झाली.

या पुटपुटण्याला वजन येते ते सिनेटच्या एका विलक्षण खोडीमुळे. तेथे चर्चा बहुमताने तोडता येत नाही. 1917 पर्यंत ती तोडण्याचा नियमच नव्हता. त्या साली दोन-तृतीयांशांची अट आली, आणि 1975 पासून साठ मते लागतात. स्ट्रॉम थर्मंड या सभासदाने 1957 साली नागरी हक्कांच्या मसुद्याविरुद्ध सलग 24 तास 18 मिनिटे भाषण केले. मसुदा तरीही संमत झाला, ही त्यातली समाधानाची गोष्ट. या कोंडीतून सुटण्याची एक वाट 1974 च्या अंदाजपत्रकविषयक कायद्याने ठेवली आहे. रिकन्सिलिएशन या नावाच्या त्या वाटेने जाणाऱ्या मसुद्यावरील चर्चेला वीस तासांची मर्यादा असते आणि साधे बहुमत पुरते; परंतु सरकारी जमाखर्चाशी ज्याचा संबंध नाही किंवा केवळ आनुषंगिक आहे, असे कलम रॉबर्ट बर्ड या सभासदाच्या नावाच्या नियमान्वये त्यातून गळते. संबंध आनुषंगिक की खरा, हे कोणी ठरवावयाचे? लाखो मतांनी निवडून आलेले सभासद आपापले वकील घेऊन, बंद दाराआड, एकदाही निवडणूक न लढलेल्या या अधिकाऱ्यापुढे बाजू मांडतात. फेब्रुवारी 2021 मध्ये तासाला पंधरा डॉलर किमान वेतनाचे कलम या वाटेत बसत नाही असा सल्ला मॅकडॉनो यांनी दिला. स्वपक्षातून ओरड होऊनही सत्ताधाऱ्यांनी तो मोडला नाही.

मोडता मात्र आला असता, आणि माझ्या कौतुकाला चिंतेची किनार लागते ती येथे. पार्लमेंटेरियनचा शब्द हा सल्ला आहे, हुकूम नव्हे. पीठासीन सभासद तो कानाआड करू शकतो. त्याने मानला तरी, अंदाजपत्रकाच्या कायद्याखालील मुद्दे सोडल्यास, सभागृह त्यावर अपील करून सहसा साध्या बहुमताने तो फिरवू शकते. अधिकाऱ्याच्या नोकरीलाही बहुमतवाल्यांची मर्जी लागते: रॉबर्ट डोव्ह यांना एकदा डेमोक्रॅटिक पक्षाने दूर केले, आणि मे 2001 मध्ये, अंदाजपत्रकासंबंधी त्यांचे निर्णय न रुचल्यामुळे, रिपब्लिकन पक्षाने. नोव्हेंबर 2013 मध्ये नेमणुकांवरील चर्चा तोडण्यास साठ मते लागतात असा निर्णय पीठावरून रीतसर दिला गेला, आणि त्याच बैठकीत डेमोक्रॅटिक बहुमताच्या सभागृहाने 52 विरुद्ध 48 मतांनी तो उलटवला. नियमाचे अक्षरही बदलले नाही. अर्थ तेवढा बदलला. त्यातून वगळलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांचीही एप्रिल 2017 मध्ये, बहुमतात आलेल्या रिपब्लिकन पक्षाने, तीच गत केली, आणि मतांचे आकडेही तेच होते. प्रत्येक पक्षाला हा शिरस्ता अल्पमतात असताना पवित्र वाटतो आणि बहुमतात आल्यावर अडगळ.

कायद्यांच्या मसुद्यांपुरती साठ मतांची अट हे लिहीपर्यंत तरी शाबूत आहे. ती मोडण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, अध्यक्षाची सही लागत नाही, न्यायालयाची परवानगी तर नाहीच. शंभर सभासद हजर असता एक्कावन्न पुरे.