कात कुणाची?

विटांच्या ढिगात किंवा गोठ्याच्या वळचणीला पांढरट, पातळ, चुरचुरणारं काहीतरी लोंबताना दिसलं, की समजायचं, इथून साप गेलाय. पण कोणता? साप समोर नसतानाही ते शोधता येतं, आणि साप ओळखायची मला तर हीच रीत सगळ्यात आवडते. त्याला त्रास नाही, आपल्याला धोका नाही! फक्त हात घालायची घाई नको. कात मऊ, ओलसर असली तर नुकतीच टाकलेली असते आणि मालक आसपासच असू शकतो. मोठ्या माणसांना बोलवा आणि लांब काठीने ती त्यांनाच काढू द्या.

आता भिंग आणा. आधी डोकं शोधा. डोळ्यांच्या जागी भोकं असतील असं वाटतं ना? तिथे चक्क दोन गोल, पारदर्शक काचा दिसतात! सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कातीबरोबर तोही निघतो. साप ओठांपासून कात सोडवत पुढे सरकतो, म्हणून ती पायमोज्यासारखी उलटी होते. शिवाय ताणलीही जाते, त्यामुळे साप कातीपेक्षा थोडा आखूडच समजा.

रंग बहुतेक सापाच्याच अंगावर राहतो. कातीत बोलतात ते खवले. पाठीवरची अगदी मधली रांग बघा. विषारी मण्यारीच्या या रांगेतले खवले शेजारच्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी असतात. तिच्यासारखेच आडवे पट्टे असणारा कवड्या मात्र बिनविषारी, आणि त्याची मधली रांग इतर रांगांसारखीच. रात्रीच्या अंधारात या दोघांत भलेभले फसतात.

थांबा, एवढ्यावर निकाल द्यायचा नाही! झाडांवर फिरणाऱ्या बिनविषारी रुका सर्पाचीही मधली रांग मोठी असते. म्हणून शेपटीची खालची बाजू तपासा. रुका आणि कवड्याच्या शेपटीखाली खवल्यांच्या दोन रांगा असतात, मण्यारीच्या शेपटीखाली अखंड खवल्यांची एकच रांग.

दोन्ही खुणा मण्यारीच्या निघाल्या? मग घरच्यांना सांगून सर्पमित्राला बोलवा, आणि जमिनीवरची अंथरुणं त्याच दिवशी खाटेवर न्या. मण्यार रात्री फिरते, घरातही शिरते. तिचा दंश फारसा दुखतही नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळत नाही. नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठायचा.