आतड्याचा जोड भरतो आहाराने
आतड्याची शस्त्रक्रिया होऊन परतूरचा रुग्ण घरी परततो, तेव्हा 'पोटाला जड नको' म्हणून बरेचदा त्याला पेज आणि वरणाचे पाणीच मिळते. याच काळात आतड्याचा जोड भरायला प्रथिने आणि क जीवनसत्त्व हवे असते. प्रथिनांचे प्रमाण रोज किलोमागे सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला ९० ग्रॅम. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम मिळतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी देताच घट्ट वरण, दही, पनीर, अंडी थोडी थोडी, पाच-सहा वेळा द्यावीत. जालन्याची मोसंबीही चालेल. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

'ताकदीची' अ‍ॅनाबॉलिक औषधे हा आहाराला पर्याय नाही. ती यकृताला अपाय करू शकतात. त्यांपैकी ऑक्सॅन्ड्रोलोनची मान्यता अमेरिकेने २०२३ मध्ये काढून घेतली. ताप, पोटफुगी किंवा वाढते दुखणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.