परक्या प्रणालीवर ‘सी’ लायब्ररी बांधताना

मुक्तस्रोत लायब्ररीचा मूळ कोड हाती आला, की ती कोणत्याही संगणकावर तयार करता येते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लिनक्सवर सुरळीत बांधली जाणारी ‘सी’ भाषेतील लायब्ररी फ्रीबीएसडीवर पहिल्याच पायरीला अडू शकते. दोन्ही प्रणालींचे घराणे युनिक्सचेच. पण भांडी वेगळ्या फडताळात ठेवलेली असतात.

पहिला अडथळा ‘मेक’चा. लिनक्सवर सहसा ग्नू प्रकल्पाचे ‘मेक’ असते, फ्रीबीएसडीवर बीएसडी परंपरेचे. ग्नूची खास वाक्यरचना त्याला उमगत नाही आणि दोष मेकफाइलमध्येच असल्याचा भास होतो. ‘जीमेक’ हे पॅकेज बसवून त्याच नावाची आज्ञा दिली, की प्रश्न सुटतो.

दुसरा अडथळा ठिकाणाचा. फ्रीबीएसडीवर बाहेरून घेतलेल्या लायब्रऱ्या ‘यूएसआर’मधील ‘लोकल’ या डिरेक्टरीत जातात. कंपायलर तेथे आपणहून पाहत नाही. त्यामुळे ‘लिबपीएनजी’ बसवलेली असूनही तिची हेडर फाइल सापडत नसल्याची तक्रार येते. कंपायलर आणि लिंकर या दोघांनाही ही वाट दाखवावी लागते. ‘कॉन्फिगर’ अपयशी ठरल्यास नेमके कारण ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलमध्ये नोंदलेले असते.

तिसरा अडथळा अधिक घातक आहे. ‘बेसनेम’ या फंक्शनची घोषणा लिनक्सवरील ग्लिबसी विशिष्ट व्यवस्थेत ‘स्ट्रिंग.एच’मधून पुरवते, फ्रीबीएसडीवर ती ‘लिबजेन.एच’मध्येच असते. घोषणा न मिळाल्यास ‘सी’च्या जुन्या नियमानुसार फंक्शन पूर्णांक परत करते, असे कंपायलर गृहीत धरी. ६४ बिटांच्या संगणकावर पूर्णांक सहसा ३२ बिटांचा असतो. साहजिकच परत आलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. लायब्ररी तयार होते, पण पुढे ती वापरणारा प्रोग्राम अचानक कोसळतो. म्हणूनच २०२३ मधील क्लँग १६ आणि २०२४ मधील जीसीसी १४ पासून ही बाब केवळ इशारा न राहता त्रुटी ठरली.

ती त्रुटी एखादा पर्याय देऊन पुन्हा इशाऱ्यावर आणण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने काम पुढे सरकते, दोष मात्र आतच राहतो. योग्य हेडर जोडणे हाच खरा उपाय. शेकडो ओळींच्या तक्रारींतून सर्वप्रथम पहिली त्रुटी वाचावी. पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. अखेरीस लायब्ररीसोबतच्या चाचण्या चालवाव्यात आणि केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी.