सुवर्णदुर्ग, कंपनी आणि तोफा : काही गैरसमज

सरकार, सैन्य आणि उद्योग यांच्या साटेलोट्याचा विषय निघाला की अमेरिकेचे नाव पुढे येते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर हे स्वतः नावाजलेले सेनानी. १७ जानेवारी १९६१ रोजी निरोपाच्या भाषणात त्यांनी ‘लष्कर आणि उद्योगांची युती’ लोकशाहीला धोक्याची ठरू शकते, असा इशारा दिला. तेव्हापासून ही विसाव्या शतकातली, परमुलखातली गोष्ट आहे असा समज रूढ झाला. नाव तेव्हाचे असेल, पण प्रकार फार जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडच्या (हे दापोली तालुक्यातले; जंजिऱ्याचे मुरुड रायगडात) उत्तरेला हर्णै बंदर आहे आणि बंदरासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग. १७५५ साली या किल्ल्यावर आग ओकणाऱ्या तोफा एका व्यापारी कंपनीच्या होत्या.

ईस्ट इंडिया कंपनी मुळात व्यापारी होती आणि तिचे सैन्य केवळ वखारींच्या राखणीसाठी होते, असे पाठ्यपुस्तकी वाचनातून वाटते. ते अर्धेच खरे. १६६१ च्या सनदेने इंग्लंडच्या राजाने कंपनीला ख्रिस्तेतर राज्यांशी युद्ध आणि तह करण्याचा अधिकार दिला होता. १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने तिच्या हाती आले. तिथे तिने बॉम्बे मरीन हे स्वतःचे आरमार पोसले. मालाचे सौदे ठरवणारे आणि मोहिमा आखणारे मंडळ एकच होते. युद्ध व्यापाराला परवडते का, हा प्रश्न ते विचारत असे. युद्ध मुळात व्हावे का, हे विचारणारे दुसरे कोणी तिथे नव्हते.

आंग्रे चाचे होते, हा समज याच मंडळाच्या कागदपत्रांतून पसरला. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह. कंपनीही देशी व्यापाऱ्यांच्या गलबतांना परवाने देत असे. मग एकाचा परवाना कायदा आणि दुसऱ्याचा चाचेगिरी कशी? ज्याला बाजार हवा होता, त्यानेच प्रतिस्पर्ध्याचे नामकरण केले.

पेशव्यांनी इंग्रजांना वापरून घेतले, असेही सांगितले जाते. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याशी वैर आलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि तो पेशव्यांना मिळाला, हे खरे. पण सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट कंपनीकडे गेले. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर चाल झाली, तेव्हा ॲडमिरल वॉटसनची शाही जहाजे आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालची फौज एकत्र होती. लुटीचे वाटे कसे घालायचे, हे निघण्यापूर्वी मुंबईतच ठरले होते. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. किनाऱ्यावरचे सर्वांत बळकट मराठी आरमार मात्र संपले. पेशव्यांचा हिशेब इथे चुकला असेच म्हणावे लागते.

धोका म्हणजे लाचखोरी, हा सर्वांत हट्टी गैरसमज. विजयदुर्गाची वाटणी त्या काळच्या रिवाजाला धरून होती. जेम्सची कारकीर्दही तशीच, नियमात बसणारी. १७५९ मध्ये तो मायदेशी परतला, पुढे कंपनीचा संचालक झाला, १७७४ मध्ये संसदेत निवडून आला आणि १७७९ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. संसद तेव्हा कंपनीला वेसण घालू पाहत होती आणि वेसण धरणाऱ्यांत कंपनीचाच माणूस बसला होता. त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ उभारलेला बुरूज आजही आहे. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे इंग्रजी जिभेवरचा सुवर्णदुर्ग.

कंपनीचा नफा तो देशाचा नफा, हेही टिकत नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळूनही १७७२ मध्ये कंपनीला सरकारपुढे कर्जासाठी हात पसरावे लागले. मोहिमांचा फायदा अधिकाऱ्यांच्या खिशात गेला आणि खर्च कंपनीच्या वहीत राहिला. मग फौज हाच माल झाला. होळकरांपुढे पुणे सोडलेला पेशवा दुसरा बाजीराव १८०२ मध्ये याच सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला आणि तिथून वसईला गेला. तिथे ३१ डिसेंबरला झालेल्या तहात त्याने कंपनीची तैनाती फौज पत्करली. तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला.

कारखाना सरकारी असला की धोका टळतो, ही आजची समजूत. माझगाव डॉक १९६० पासून सरकारी आहे. १९८१ च्या करारानुसार पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीच्या चार पाणबुड्यांपैकी दोन तिथे बांधायच्या होत्या. मध्येच या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्यांचा बेत बारगळला. मालक सरकार होते, तरी व्यवहार बंद दाराआड झाल्याने संशय टळला नाही.

तर मग संबंधच तोडावेत, हे म्हणणे या गैरसमजाचे दुसरे टोक. देशाला शस्त्रे लागतात आणि ती कोणीतरी बनवावीच लागतात. हिशेब तपासणारा खरेदी करणाऱ्यापासून वेगळा असावा आणि तपासणी वेळेत व्हावी, एवढीच अट आहे. ती पाळली नाही तर किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. माझगावात बांधलेली ‘शंकुल’ ही पाणबुडी १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. त्यानंतरची पाणबुडी, ‘कलवरी’, तिथून नौदलात यायला १४ डिसेंबर २०१७ उजाडला.