परिच्छेदाचा आकडा कुणी टाकायचा?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात असतो तसा, जमिनीचा सगळा व्यवहार आकड्यांवर चालतो. रान कुणाचे, ते बोलताना 'नाल्याकडचे' किंवा 'थोरल्याच्या वाटणीचे' असेल. कागदावर मात्र त्याला गट क्रमांक असतो, मालकीत बदल झाला की फेरफार क्रमांक असतो, आणि खातेदाराला आठ-अचा खाते क्रमांक असतो. सातबारा म्हणजे तरी काय, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. यातला आकडा मनाने बदलता येत नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यालाही पक्के ठाऊक असते. पण याच जमिनीचा वाद वाटणीच्या दाव्याच्या रूपाने कोर्टात गेला की दाव्याच्या मसुद्यातले परिच्छेदांचे आकडे कसे पडतात, हे कुणी पाहत नाही. कॉम्प्युटरवर बसलेला माणूस एक टाईप करतो, टिंब देतो, टॅब दाबतो आणि लिहू लागतो. माझे म्हणणे असे की मसुदा तयार होत असताना हा आकडा माणसाने टाईप करूच नये. तो वर्डने टाकावा, आणि तोही पट्टीवरच्या बटणाने नव्हे तर स्टाइलला बांधलेल्या क्रमांकनाने. दावा दाखल झाल्यानंतरचा नियम मात्र याच्या बरोबर उलटा आहे. त्याकडे शेवटी येतो.

आकड्याचे एवढे काय, असे वाटणाऱ्याने १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडावी. सहाव्या आदेशाचा दुसरा नियम सांगतो की वादकथनाचे आवश्यक तेथे परिच्छेद पाडावेत, त्यांना ओळीने क्रमांक द्यावेत आणि सोयीचे असेल तितपत प्रत्येक आरोप स्वतंत्र परिच्छेदात मांडावा. याच आदेशाचा पंधरावा नियम सत्यापनाचा आहे. सही करणाऱ्याने त्यात परिच्छेदांचे क्रमांक देऊनच सांगायचे असते की कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आहे आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला व खरा मानलेला आहे. पुढे आठवा आदेश. प्रतिवादीने प्रत्येक आरोप नेमकेपणाने नाकारायचा असतो. जो नाकारला नाही, तो मान्य केला असे धरले जाऊ शकते. म्हणून लेखी कैफियतीत ते ठरलेले वाक्य येते: दाव्यातील परिच्छेद क्रमांक चारमधील मजकूर खोटा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. त्या वाक्यातून चार हा आकडा काढून टाका आणि काय उरते ते पाहा. सत्यापन, कैफियत, त्यातून निघणारे मुद्दे, सरतपासणीचे शपथपत्र, उलटतपासातला प्रश्न आणि निकालपत्र, हे सगळे मूळ दाव्यातल्या त्या आकड्यांना धरून चालते. कोर्टात आकडा तर नावासारखा वापरतात. मनाईहुकमाचा अर्ज महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत बहुधा निशाणी पाचला लागतो, आणि वकिलांच्या बोलण्यात तो 'निशाणी पाच' याच नावाने ओळखला जातो.

आता समजा, साखऱ्यातल्या एका एकत्र कुटुंबाच्या जमिनीच्या वाटणीचा दावा तयार होतो आहे. मसुदा बहुधा कोऱ्या पानावर सुरू होत नाही. जुना एखादा वाटणीचा दावा उघडतात, 'सेव्ह ॲज' करतात, नावे आणि गट क्रमांक बदलतात. पहिल्या परिच्छेदात पक्षकारांचे नाते, दुसऱ्यात वंशावळ, तिसऱ्यात मिळकतीचे वर्णन. हे वर्णन चतुःसीमांसह आणि गट क्रमांकासह द्यावे लागते, कारण जमीन नेमकी ओळखता येईल असा तपशील सातव्या आदेशाचा तिसरा नियम मागतो. मसुदा वाचून दाखवताना कळते की सासरी नांदणारी बहीण पक्षकार करायची राहिली. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलासारखाच आहे. तिला वगळून वाटणी मागितली तर दाव्यात जन्मतःच खोट राहील. म्हणून वंशावळीनंतर एक परिच्छेद वाढतो. तिसरा चौथा होतो, नववा दहावा होतो. हाताने टाकलेले आकडे हातानेच बदलायचे, आणि बहुतेक वेळा ते बदललेही जातात, कारण ते समासाला उभ्या ओळीत दिसतात. राहतात ते मजकुरात दडलेले: 'वर परिच्छेद तीनमध्ये वर्णन केलेली मिळकत', 'परिच्छेद सातमध्ये नमूद केल्याप्रमाणे दाव्यास कारण घडले', आणि सर्वांत वाईट म्हणजे शेवटच्या पानावरचे सत्यापन, 'परिच्छेद एक ते सहामधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे'. एक परिच्छेद वाढल्यावर 'एक ते सहा' हे 'एक ते सात' व्हायला हवे होते. ते झाले नाही, तर सही करणाऱ्याने एका परिच्छेदाची हमी दिलेलीच नसते, किंवा स्वतःच्या माहितीचा मजकूर ऐकीव म्हणून सांगितलेला असतो. चूक टायपिंगची, पण तिच्याखाली सही शेतकऱ्याची.

उपाय वर्डमध्येच आहे आणि तो वर्षानुवर्षे पडून आहे. परिच्छेदाला आकडा देण्याऐवजी परिच्छेदाचा दर्जा सांगायचा: हे शीर्षक आहे, हा क्रमांकित परिच्छेद आहे, हा त्याचा पोटभाग आहे. या दर्जांना वर्ड स्टाइल म्हणते. मल्टिलेव्हल लिस्टच्या चौकटीत प्रत्येक पातळी एकेका स्टाइलला जोडली की आकडा आपोआप पडतो. मध्ये परिच्छेद घातला की खालचे सगळे सरकतात, काढला की परत येतात. दाव्याच्या बाबतीत मात्र एक खाच आहे. वर्डची मूळ कल्पना पुस्तकाच्या प्रकरणांची असते: वरच्या पातळीचे शीर्षक आले की खालच्या पातळीचे आकडे पुन्हा एकपासून सुरू. दाव्यात 'मिळकतीचे वर्णन', 'दाव्याचे कारण', 'मुदत', 'अधिकारक्षेत्र', 'मूल्यांकन व कोर्ट फी', 'विनंती' अशी शीर्षके असतात आणि परिच्छेद या सगळ्यांमधून ओळीने चालत जायला हवेत. प्रत्येक शीर्षकाखाली परिच्छेद एक निघाला तर 'परिच्छेद एक नाकबूल' म्हणजे कोणता एक, हा प्रश्न प्रतिवादीपेक्षा न्यायाधीशांना जास्त पडेल. म्हणून दुसऱ्या पातळीच्या खिडकीत वरच्या पातळीनंतर पुन्हा सुरू करण्याची जी खूण असते, ती काढायची. शीर्षकांना आकडाच देऊ नये, असे माझे मत. दोन मालिका शेजारी चालवल्या की वाचणारा कधीतरी चुकतोच.

पोटभागांचे दुखणे मराठीचे स्वतःचे आहे. आपल्याकडे तुकडी असो की कलम, ओळ अ, ब, क, ड अशी जाते. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने मराठी अक्षरे लावायची ही सवय. मराठवाड्यात कुळाच्या मालकीचा विषय निघाला की १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याचे कलम अडतीस-ई निघते, ते याच सवयीतून. वर्ड हिंदीच्या धर्तीवर क, ख, ग देऊ शकते, देवनागरी आकडे देऊ शकते, पण अ, ब, क, ड ही मालिका त्याच्या यादीत नाही. त्यावर हाताने अक्षरे टाकण्यापेक्षा ७.१, ७.२ असे दशांश वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्या आकड्यात वरच्या परिच्छेदाचा पत्ताही येतो. दुसरे दुखणे फाँटचे. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटांत कळांवर भलतीच अक्षरे बसवलेली आहेत: पूर्णविरामाच्या जागी 'ण्', बंद कंसाच्या जागी 'द्ध', उघड्या कंसाच्या जागी अर्धविराम. परिच्छेद कृतीदेवमध्ये असला की आपोआप पडणारा आकडाही तोच फाँट घेतो, आणि '१.' च्या जागी आकड्याला चिकटलेला 'ण्' उमटतो. हे एकदा पाहिले की टायपिस्ट ऑटो नंबरिंगचे नाव काढत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. वास्तविक क्रमांकाच्या चौकटीत त्या आकड्यापुरता वेगळा फाँट निवडता येतो. मंगल किंवा दुसरा कुठलाही युनिकोड फाँट निवडला की काम झाले. मजकूरच युनिकोडमध्ये असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

एवढे केले तरी अर्धेच काम होते. समासातले आकडे सरकले, पण मजकुरातले 'परिच्छेद तीन' तिथेच राहिले. तिथे क्रॉस रेफरन्स लागतो: आकडा टाईप न करता त्या परिच्छेदाकडे बोट दाखवायचे, आकडा वर्ड आणून ठेवते. इथे सावध राहावे लागते, कारण समासातला आकडा तत्काळ बदलतो आणि हा बदलत नाही. सगळा मजकूर निवडून एफ-नाइन दाबले की तो ताजा होतो; छपाईपूर्वी फील्ड अद्ययावत करण्याची सोयही पर्यायांमध्ये आहे. आणि ज्या परिच्छेदाकडे बोट होते तोच पुसला गेला असेल, तर ताजे करताना वर्ड त्या जागी ठळक इंग्रजीत चूक असल्याचे छापते. लोक याला वैतागतात. मला हा त्या यंत्रणेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हाताने टाकलेला चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो.

आक्षेप आहेत, आणि ते आळशी माणसांचे नाहीत. पहिला: तीन पानांच्या दाव्याला एवढा खटाटोप कशाला? आकडे टाकायला दोन मिनिटे लागतात, स्टाइल बांधायला अर्धा तास. हे खरे आहे, पण तो अर्धा तास एकदाच जातो. दावे जुन्या दाव्यांतूनच निघत असतील तर बांधलेली फाइल साचा म्हणून ठेवावी, आणि पुढचा प्रत्येक वाटणीचा, हद्दीचा, मनाईहुकमाचा दावा तिच्यातून निघावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: ऑटो नंबरिंग भरवशाचे नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर चिकटवला की मालिका तुटते, फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की बारा नंतर एक येतो. हा अनुभव खोटा नाही, पण तो बटणाचा अनुभव आहे. पट्टीवरचे क्रमांकाचे बटण दाबले की वर्ड त्या जागेपुरती यादी तयार करते. दहा ठिकाणी दाबले तर दहा याद्या होऊ शकतात, आणि त्या एकमेकींशी भांडतात. स्टाइलला जोडलेली यादी एकच असते. बाहेरचा मजकूर निव्वळ मजकूर म्हणून चिकटवायचा आणि मग त्याला स्टाइल द्यायची, एवढे पथ्य पुरते.

तिसरा आक्षेप वकिलांचा: आकडा चुकला म्हणून कोर्ट दावा फेटाळत नाही. फेटाळत नाही, आणि फेटाळू नये. न नाकारलेला आरोपही सिद्ध करायला सांगण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. पण फेटाळणे हा एकच तोटा धरला तर हिशेब चुकतो. चुकलेल्या आकड्याची किंमत दुरुस्तीच्या अर्जात, समोरच्याच्या म्हणण्यात आणि पुढच्या तारखेत मोजली जाते, आणि तारखेला तालुक्याला जावे लागते ते पक्षकाराला. वरच्या न्यायालयांना तर हा विषय क्षुल्लक वाटलेला नाही. इंग्लंडमध्ये २००१ पासून वरिष्ठ न्यायालयांच्या निकालपत्रांत परिच्छेदांना क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली, कारण संगणकावर पान स्थिर राहत नाही, परिच्छेदाचा क्रमांक राहतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अजयकुमार सूद या प्रकरणात, उच्च न्यायालयाचा एक दुर्बोध निकाल समोर असताना, निकालपत्रांना परिच्छेद क्रमांक असावेत असे म्हटले. न्यायाधीशांकडून जी शिस्त अपेक्षित आहे ती दाव्यात नसावी, याला मला कारण दिसत नाही.

आता उलटा नियम. जो आकडा सरकतो म्हणून मसुद्यात उपयोगी, तोच दाखल झालेल्या दाव्यात घातक ठरतो. दाव्याची प्रत प्रतिवादीकडे गेली, त्याने 'परिच्छेद आठ नाकबूल' असे लिहून दिले, की आठ हा आकडा तुमचा राहत नाही. कायदे करणाऱ्यांनी हे कधीच ओळखले आहे. संविधानातला अनुच्छेद एकतीस चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेला, तरी बत्तीस आजही बत्तीसच आहे; नवे आले ते एकवीस-क, एकावन्न-क असे मधल्या फटीत बसले. सगळेच आकडे नव्याने मांडले की काय होते, ते १ जुलै २०२४ पासून दिसते आहे. भारतीय न्याय संहितेत खून तीनशे दोनवरून एकशे तीनवर गेला, फसवणूक तीनशे अठरावर, आणि बोलीतला चारशेवीस कलमाविना उरला. संहिता बदलताना संसदेला तेवढी मोकळीक असते. चालू दाव्यात वादीला नसते. म्हणून दाखल करताना फाइलची पीडीएफ करून ती गोठवावी, आणि वर्डच्या एका प्रतीत सगळा मजकूर निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ-नाइनने क्रॉस रेफरन्स साध्या मजकुरात बदलून ठेवावेत. समासातले आकडे त्याने गोठत नाहीत, त्या प्रतीत त्यांचेही साध्या मजकुरात रूपांतर करून घ्यावे लागते. पुढे सहाव्या आदेशाच्या सतराव्या नियमाखाली दुरुस्ती मंजूर झाली, तर आदेशात मुदत दिलेली नसल्यास चौदा दिवसांत ती दाव्यात उतरवायची असते. नवा परिच्छेद सात आणि आठच्या मध्ये येणार असेल तर वर्ड त्याला आठ म्हणेल आणि जुन्या आठला नऊ करेल. तसे होऊ द्यायचे नाही. त्या गोठवलेल्या प्रतीत सातच्या खाली जागा करायची, आणि '७-अ' हा आकडा हाताने टाईप करायचा.