कारखान्यातील अदृश्य जुळे

कर्जतच्या स्थानकावर बोरघाट चढण्यासाठी पुष्कळ आगगाड्यांना मागून आणखी इंजिने जोडतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. शेजारच्या खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. त्यावरून रात्रंदिवस असंख्य मोटारी हाच घाट चढत-उतरत असतात. अशा वेळी घाटाच्या वळणावर मोटारीचा एखादा महत्त्वाचा भाग तुटला, तर केवढा अनर्थ ओढवेल! म्हणून मोटारीचा प्रत्येक भाग निर्दोष असावा लागतो.

उदाहरणार्थ, चाकाचा आस घ्या. बैलगाडीलाही आस असतोच; पण मोटारीचा आस पोलादाचा असून तो बेअरिंगमध्ये बसून फिरतो. तो थोडा जाड झाला, तर बेअरिंग आवळले जाऊन तापते. थोडा बारीक झाला, तर ढिलेपणामुळे ते झिजते. येथे ‘थोडा’ म्हणजे मिलिमीटरचा अवघा शंभरावा भाग! आपल्या डोक्याचा केससुद्धा त्याच्या कित्येक पट जाड असतो.

अशा भागांसाठी मिश्र पोलाद वापरतात. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे ते तयार होते. ज्या महिंद्र युजीन पोलाद कंपनीने तेथे हा उद्योग उभारला, तिची स्थापना 1962 साली झाली. घाटापलीकडे चाकण परिसरात मोटारींचे मोठे कारखाने आहेत. त्यांपैकी फोक्सवॅगनचा कारखाना 2009 साली सुरू झाला.

आता या भागांची तपासणी कशी होते ते पाहू. जुन्या पद्धतीत शंभर नगांतून दोन-चार नग काढून मोजतात. कातकामाच्या यंत्राचे पाते हळूहळू झिजते आणि त्याबरोबर नगाचे मापही बदलत जाते. परंतु चूक लक्षात येईपर्यंत कितीतरी सदोष नग तयार झालेले असतात. यावर नवा उपाय म्हणजे यंत्राचे संगणकातील जुळे होय. इंग्रजीत त्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणतात.

यामागील विचार समजण्यास एक घटना उपयोगी पडेल. 1970 साली अपोलो-13 हे यान चंद्राकडे जात असता त्यातील प्राणवायूची टाकी फुटली. तेव्हा तज्ज्ञांनी पृथ्वीवरील यानाच्या प्रतिकृतींत निरनिराळे उपाय करून पाहिले आणि त्यांतील योग्य ते अंतराळवीरांना कळविले. तिघेही सुखरूप परतले. आज अशी प्रतिकृती संगणकात, केवळ आकड्यांनी रचता येते.

यंत्रावर बसविलेले संवेदक उष्णता, कंपने आणि मापे क्षणोक्षणी टिपून संगणकाकडे पाठवितात. संगणकातील जुळे त्यांवरून हिशेब करते. 100 मिलिमीटर लांबीचे पोलाद 10 अंश सेल्सियसने तापले, तर सुमारे 0.012 मिलिमीटरने वाढते. त्यामुळे गरम नग मोजला, तर माप फसवे येते. जुळे नगाची उष्णता लक्षात घेऊन थंड झाल्यावरचे माप सांगते. शिवाय मापे एकाच दिशेने सरकू लागली, की पाते झिजत आहे हे ते ओळखते आणि नग बिघडण्यापूर्वीच कामगाराला सूचना देते. पाते वेळीच बदलले, की पोलाद, श्रम आणि पैसा वाचतो.

मग तपासनिसाची गरज संपली काय? मुळीच नाही. संवेदकावर तेल किंवा धूळ साचली, तर चुकीचा आकडा जातो, आणि जुळे तोच खरा धरून चालते. म्हणून तपासनीस अधूनमधून स्वतः सूक्ष्ममापीने नग मोजतो आणि दोन्ही आकडे ताडून पाहतो. ते जुळले नाहीत, तर काम थांबवून कारण शोधतो.

घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला हा तपासनीस कधीच दिसत नाही. तरीही त्याने प्रामाणिकपणे घेतलेल्या एका मापावर प्रवाशाचा जीव अवलंबून असतो.